साल न संपलेला गडी

धानाची तणस घ्यायची, तिचे बोटभर तुकडे करायचे, पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून काचेच्या बरणीत ओतायचे. दोन दिवस बरणी तशीच राहू द्यायची. मग त्यात बोडीतलं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातलं, वाटीभर पाणी घालायचं, तळाच्या चिमूटभर गाळासकट. तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी बायकोच्या नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवायची. या कृतीतली शेवटची पायरीच अवघड. चौथ्या दिवशी बरणीला असा वास सुटतो, की जन्मभर गोठ्यात वावरलेला माणूसही नाक धरतो. आमच्याकडे ही बरणी जुन्या कोठीच्या मागे लपवलेली असते, आणि ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या अंगाला. धान आणि तलाव, एवढीच आमची मिळकत. कोहळ्यांनी काही शतकांपूर्वी बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे गेले, मालगुजारी बुडाल्यावर सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ ठरले. लोकांनी त्याचं ‘मामा तलाव’ करून टाकलं. शेतातल्या बोड्या ही त्या मामांची भाचरं. आमच्या बोडीत शिंगाड्याचे वेल असतात, म्हशी असतात, आणि थेंबाथेंबात मी ज्यांच्यासाठी ही बरणी लावतो ते असतात.

मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं शाळेचा सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपाआड होता, कारण ‘फुटला तर भरून कोण देईल?’ फळ्यावर मी अमिबा काढायचो, मुलं वहीत अमिबा काढायची, परीक्षेत तोच अमिबा परत यायचा. खरा अमिबा कोणीच पाहिला नव्हता. निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा पहिली खरेदी सूक्ष्मदर्शकाची केली. दुसरी कशाची करावी लागली ते सोडा.

पहिले चार-पाच दिवस थेंबात नुसती वळवळ दिसते, ते जिवाणू. मग शेपटीवाले बारीक जीव येतात. आठव्या-दहाव्या दिवशी पॅरामेशियम उतरतो. चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर केसाळ, आणि सतत घाईत. तणसाच्या काडीला धडकला की थोडा मागे सरकतो, अंग वळवतो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा धडकतो. दार न सापडलेलं वासरू गोठ्यात करतं तसं. त्याच्या दोन टोकांना चांदणीसारखे दोन हौद असतात. अंगात पाणी जास्त शिरलं की ते फुगतात आणि आकसून पाणी बाहेर टाकतात. बांधीत पाणी मावेनासं झालं की आपण धुरा फोडतो, तेच काम. तोंड आहे, पोट म्हणावं असे फुगे आहेत, मळ टाकायची ठरलेली जागा आहे. आणि हा सगळा संसार एका पेशीत!

या मंडळींना पाठ्यपुस्तकात ‘प्रोटिस्टा’ म्हणतात. हेकेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये हे नाव दिलं, १९६९ मध्ये व्हिटेकरच्या पंचसृष्टी वर्गीकरणात त्याला एक अख्खी सृष्टी मिळाली, आणि मी ती इमानेइतबारे पाठ करून घेतली. आता वाटतं, ती सृष्टी म्हणजे तलाठ्याच्या रजिस्टरातला ‘इतर’ हा रकाना होता. ज्याला केंद्रक आहे पण जो प्राणी नाही, वनस्पती नाही, बुरशी नाही, तो टाका तिकडे. त्या रकान्यात एकमेकांना ओळखही न देणारी घराणी कोंबली गेली. नात्याने पाहिलं तर पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या आणि त्या निवडून खाणारा माणूस एकमेकांना जवळचे आहेत. बुरशी आणि प्राणी एकाच फांदीवरचे. पॅरामेशियम आणि अमिबा मात्र शेजारी पोहत असले तरी फार दूरचे. सात्या खाताना हा विचार मी मनात आणत नाही. चव जाते.

पण ‘इतर’ रकान्यातल्या या सगळ्यांत, आणि आपल्यात, आणि धानात एक गोष्ट सारखी आहे. आपण सगळे दृश्यकेंद्रकी. पेशीत केंद्रक, आणि एखादा अपवाद सोडला तर केंद्रकाबाहेर ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका किंवा निदान तिचा मागमूस. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं. त्यातला मोठा काळ इथे फक्त जिवाणू आणि आर्किया होते, केंद्रकाशिवाय जगणारे. दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी केव्हातरी असलं भरलेलं घर उभं राहिलं. कसं?

इथे मला आमच्या घरातल्या एका माणसाबद्दल सांगावं लागेल.

त्याला आम्ही काकाजी म्हणायचो. माझ्या जन्माच्या आधी एका गुढीपाडव्याला तो वैनगंगेपलीकडच्या गावाहून आला. सालदार म्हणून. साल ठरलं: इतके खंडी धान, दोन धोतरं, एक घोंगडी, दोन वेळचं जेवण. पुढच्या पाडव्याला हिशेब करून साल मोडायचं किंवा नवं धरायचं, अशी रीत. पुढचा पाडवा आला, पण हिशेबाला कोणी बसलंच नाही. त्याच्या पुढचाही गेला. मी शाळेत जाऊ लागलो तोवर काकाजीचं खाणं, निजणं, दुखणं सगळं आमच्याच घरात होतं. धानाच्या कोठीची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असायची. कोणत्या बांधीत पाणी आधी सोडायचं, बोडीची पाळ कुठे पाझरते, कोणता बैल उजवीकडे जुंपला की अडतो, हे त्याला माहीत होतं आणि आम्हाला ते माहीत असण्याची गरजच उरली नव्हती.

१९७९ साली मी नागपूरला बी. एस्सी. करत होतो. प्राध्यापकांनी एक दिवस ‘असंही एक मत आहे’ म्हणत तंतुकणिकेची गोष्ट सांगितली. पेशीत ऊर्जा तयार करणारी ही लांबट वस्तू एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती म्हणे. ती दुसऱ्या पेशीत शिरली आणि तिथेच राहिली. वनस्पतींना हिरवं करणाऱ्या हरितलवकांबद्दल मेरेश्कोव्स्की या रशियन माणसाने असं काहीसं १९०५ मध्येच म्हटलं होतं आणि लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं होतं. १९६७ मध्ये लिन मार्गुलिस या एकोणतीस वर्षांच्या बाईने ते पुन्हा मांडलं. तिचा लेख पंधराएक नियतकालिकांनी परत केला होता. नंतर या वस्तूंमधलं डीएनए वाचता आलं, आणि ते त्या पेशीच्या केंद्रकाशी जुळण्याऐवजी जिवाणूंशी जुळलं. वाद मिटला.

दिवाळीला घरी आलो तेव्हा ओसरीवर वही उघडी होती. काकाजी दोर वळत बसला होता.

“हे काय होय?”

“आपल्या अंगातलंच हाय काकाजी. एका पेशीचं चित्र.”

“अन हे लांबट?”

“हे पहिले बाहेरचे होते. वेगळे जीव. मंग आत आले अन आतच रायले.”

“कायले आले?”

मी गडबडलो. “कोनी म्हणते गिळलं. कोनी म्हणते आपल्या पायानं आले.”

दोराला पीळ देत तो थोडा वेळ गप्प राहिला. “मंग वापस नाई गेले?”

“नाई.”

“तिकडं त्याहिचं कोनी रायलं नसन,” तो म्हणाला आणि दोराचं टोक दातात धरलं.

याचं शास्त्रीय उत्तर मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. परत जाण्यासारखं तंतुकणिकेकडे काही उरलेलं नाही. तिच्या मुक्त पूर्वजांकडे हजारो जनुकं असावीत. माणसाच्या तंतुकणिकेत आज ३७ जनुकं आहेत. तिला लागणारी प्रथिनं हजाराहून जास्त. त्यातली स्वतः बनवते फक्त १३. बाकीची जनुकं काही हरवली, आणि पुष्कळशी एकेक करून केंद्रकाच्या दप्तरी जमा झाली. प्रथिनं आता बाहेर तयार होतात, अंगावर पत्ता चिकटवून आत धाडली जातात. दोन वेळचं जेवण मालकाच्या ताटातून यावं तसं. आणि तिने तयार केलेली ऊर्जा, तो एटीपी नावाचा रोकडा, बाहेर आणण्यासाठी तिच्या भिंतीत जो दरवाजा बसवलेला आहे त्याचं जनुकही केंद्रकात आहे. दरवाजा जिवाणूंकडून आलेला नाही, घरमालकाने करवून घेतलेला आहे. हे वाचलं त्या दिवशी ‘सहजीवन’ हा शब्द माझ्या घशात अडकला. एकतीस वर्षं मी तो फळ्यावर गोड अक्षरात लिहिला होता: दोघांचाही फायदा. फायद्याचा हिशेब कोण लिहीत होतं, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

याला गुलामी म्हणणारेही शास्त्रज्ञ आहेत. पण तोही शब्द मला पुरता पटत नाही. पेशीने मरायचं केव्हा, याची एक किल्ली तंतुकणिकेकडे आहे. तिच्यातलं सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर सांडलं की पेशी स्वतःला मोडून टाकायला लागते. केंद्रकाकडे सगळे कागद असोत, करगोट्याला किल्ली कोणाच्या बांधली आहे तेही पाहावं लागतं. काकाजी एका भादव्यात पंधरा दिवस तापाने पडला तेव्हा आमच्या आबाजींना, म्हणजे वीस एकरांच्या मालकाला, स्वतःच्या शेतातलं पाणी काढता आलं नाही. दोन बांध्या सडल्या.

असा मेळ जमताना एका माणसाने प्रत्यक्ष पाहिला आहे. अमेरिकेत क्वांग जिऑन हे कोरियन वंशाचे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत अमिबा पाळत. १९६६ मध्ये त्यांच्या अमिबांना रोग लागला. एकेकाच्या पोटात हजारोंनी जिवाणू. बहुतेक अमिबा मेले. जिऑननी बरण्या फेकून दिल्या नाहीत. वाचले ते थोडके, अशक्त अमिबा जपले. काही वर्षांत ते धडधाकट झाले, जिवाणू मात्र पोटात तसेच. मग त्यांनी औषधाने जिवाणू मारून पाहिले, तर अमिबाही मेले. ज्याने मारायला घेतलं होतं त्याच्याविना आता जगणं होईना. त्यात प्रेमाचा भाग किती आणि नाइलाजाचा किती, हे अमिबालाही सांगता आलं नसतं.

बरं, गडी कळला. ज्या घरात तो शिरला ते घर कोणाचं होतं?

याचा धागा विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, लोणारला दिसतो असं मी म्हटलं की लोक मला खुळ्यात काढतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवत असेल. टाळेबंदीचे दिवस, हातात मोबाइल, मग काय: कोणी प्रदूषण म्हणालं, कोणी कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि निघाले हॅलोआर्किया, खारट पाण्यात माजणारे आर्किया. पाणी आटून खारटपणा वाढला तशी त्यांची चलती झाली, आणि अंगच्या रंगाने तळं रंगलं. दिसायला जिवाणूंसारखेच, म्हणून १९७७ पर्यंत त्यांची गणती जिवाणूंत व्हायची. त्या वर्षी कार्ल वूज यांनी दाखवलं की हे वेगळंच घराणं आहे. आपलं मूळ घर आर्कियांचं. लोणारचे हॅलोआर्किया आपले थेट पूर्वज नाहीत, पण भावकीतले खरे.

जवळची भावकी सापडली २०१५ मध्ये, नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रतळाच्या गाळात. आधी जीव दिसलाच नव्हता, गाळातल्या डीएनएचे तुकडे जुळवून त्याचा अंदाज बांधला. त्याच्या जनुकांमध्ये आपल्या स्नायूंत असतं त्या ॲक्टिनचा सख्खा नातेवाईक होता. पण जिवंत जीव हाती लागायला जपानी चिकाटी लागली. इमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जपानजवळच्या समुद्रात २,५३३ मीटर खोलीवरचा गाळ आणला होता. त्यातला जीव वेगळा काढून वाढवायला त्यांना बारा वर्षं लागली. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. हा प्राणी, म्हणजे प्राणी नव्हे, काय म्हणायचं ते म्हणा, दुप्पट व्हायला चौदा ते पंचवीस दिवस घेतो. २०२० च्या जानेवारीत त्याचं छायाचित्र छापून आलं. इवलासा गोल, आणि त्याला फुटलेले लांब, फांद्याफांद्यांचे हात. तो एकटा वाढत नाही. त्याने टाकलेला हायड्रोजन उचलणारा शेजारी लागतो. इमाचींचा अंदाज असा की अशाच हातांनी एका शेजाऱ्याला कधीतरी कवटाळलं गेलं, आणि मिठी सुटली नाही. गिळलं नाही, आपल्या पायानेही आला नाही. काकाजीला सांगायला हवं होतं. पण तो तोवर राहिला नव्हता.

गडी ठेवण्याची चटक लागली की थांबत नाही. पुढे कोणा पेशीने प्रकाशावर जगणारा सायनोबॅक्टेरिया आत घेतला. त्याचं हरितलवक झालं, त्यातूनच आपला धान हिरवा. मग हिरवं-लाल शेवाळ अख्खंच दुसऱ्यांनी पोटात घातलं: गड्यासकट घर विकत घेतल्यासारखं. आमच्या बोडीवर उन्हाळ्यात लाल साय धरते, ती युग्लीना या एकपेशीय जीवाची. सकाळी हिरवट, ऊन चढलं की लाल. तिचं हरितलवक तीन आवरणांत असतं, कारण ते असंच दुसऱ्या हाताने आलेलं.

आणि हिवताप! गडचिरोलीत ज्याने पिढ्यान् पिढ्या माणसं झोपवली तो प्लाझमोडियमही प्रोटिस्टच. १९९० च्या दशकात त्याच्या पेशीत एक चार आवरणांची पुडी सापडली, ॲपिकोप्लास्ट. ते मरगळलेलं हरितलवक निघालं, मूळ लाल शेवाळाकडचं. रक्तात, अंधारात राहणाऱ्या या परजीवीचा कोणी पूर्वज ऊन खाऊन जगत होता! हिरवेपणा गेला, पण त्या पुडीत तयार होणाऱ्या एक-दोन रसायनांवाचून प्लाझमोडियमचं अजून अडतं. माझा भाचा नोकरीला एटापल्लीला गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याला डॉक्सीसायक्लिन दिलं. “मामाजी, हे तर जिवाणूवरचं औषध होय, मलेरियाले कायले?” असं त्याने फोनवर विचारलं. मी म्हटलं, मालकाला मारायचं नाही, त्याच्या जुन्या गड्याला मारायचं, मालक आपोआप पडतो. पुडी आपल्या जिवाणू-वंशाला जागून त्या औषधाने खंगते. गंमत अशी की परजीवी लगेच मरत नाही, त्याची पुढची पिढी मरते. भाच्याला किती कळलं देव जाणे. गोळ्या मात्र त्याने घेतल्या.

२०२४ च्या एप्रिलमधली बातमी मी कात्रण करून ठेवली आहे. समुद्रातल्या एका एकपेशीय शेवाळात हवेतला नायट्रोजन धरणारा जिवाणू आता पाहुणा राहिलेला नाही, पेशीचा अवयव झाला आहे, असं दाखवलं गेलं. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या जोनाथन झेर यांना त्याच्या डीएनएचा तुकडा १९९८ मध्येच मिळाला होता; ते शेवाळ प्रयोगशाळेत वाढवायला जपानच्या क्योको हागिनो यांनी तीनशेवर वेळा समुद्राचं पाणी आणलं. रोवणीनंतर युरियाच्या एका बॅगसाठी कृषी केंद्रापुढे उन्हात उभं राहिलेल्या माणसाला या बातमीची किंमत वेगळी सांगायला नको. धानाच्या पेशीत असा गडी राहायला आला तर? लोक त्यामागे लागलेत. माझ्या हयातीत होणार नाही. समुद्रातल्या त्या दोघांना दहा कोटी वर्षांच्या आसपास लागली आहेत.

आता आमच्याकडे सालदार नाही. गावात कोणाकडेच नाही. धान कापायला हार्वेस्टर येतो, अर्ध्या दिवसात मोकळा करून जातो. तंतुकणिकेला पूर्ण काढून टाकलेला एक प्रोटिस्टही २०१६ मध्ये सापडला आहे, मोनोसर्कोमोनॉइडीस. चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यातून तो मिळाला. तिचं म्हणून जे एक काम टाळता येत नव्हतं, त्यासाठी त्याने कोण्या जिवाणूकडून उसनं अवजार आणलं आणि तिला निरोप दिला. त्याचं बरं चाललं आहे.

काकाजी एकदा परत गेला होता. आबाजी वारले, वाटण्या व्हायच्या होत्या, आता माझं इथे काय म्हणून त्याने गाठोडं बांधलं. आठव्या दिवशी ओसरीवर हजर. “तिकडं मले कोनी वळखत नाई,” एवढंच बोलला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

वाटणीचा कागद माझ्याकडे आहे. बाबांची आणि दोन्ही काकांची नावं, गट नंबर, आराजी. आजीचं नाव नाही, आत्यांची नाहीत. आईचंही नाही, जिच्याकडूनच माझ्या पेशीपेशीतली तंतुकणिका आली. ती बापाकडून येत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात साक्षीदार म्हणून काकाजीचा अंगठा आहे. त्याला शेतातून बोलावून आणलं होतं. हात धुवायला कोणी सांगितलं नसावं. मागच्या महिन्यात तो कागद मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जांभळ्या शाईत धानाच्या कुसाचा एक तुकडा चिकटलेला आहे.